उमेदवाराचा ओलावा किती?

धान खरेदी केंद्रावर पोतं उघडलं की मीटर लागायच्या आधी शेतकरी स्वतःच एक दाणा दाताखाली धरतो. कट्ट असा आवाज आला तर माल वाळलाय. दाणा दबला तर अजून दोन उन्हं हवीत. सरकारी नियमाने ओलावा १७ टक्क्यांच्या वर चालत नाही, हे गोंदिया जिल्ह्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. आणि तोच माणूस पाच वर्षांचा आमदार घेताना पोतं उघडतच नाही, वरचा शिक्का वाचून घरी येतो.

‘पुरोगामी’ हा तसाच एक शिक्का. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव न घेणारा पक्ष आज महाराष्ट्रात शोधावा लागेल. बॅनरवर वरच्या ओळीत हे तिघे असतात, आणि खाली हात जोडलेला चौथा, ते तिघं मिळून होतील त्याहून मोठा. मी निवृत्त मास्तर आहे, मतदान केंद्रावर ड्यूटी बऱ्याचदा केलीय. मत कोणाला द्या हे सांगायचा मला हक्क नाही आणि हौसही नाही. पण ज्याला पुरोगामी उमेदवारच निवडायचा आहे, त्याने तो कसा तपासावा याची एक रीत आम्ही चार-पाच जणांनी बसवली आहे, ती इथे देतो. तुमचे निकष वेगळे असतील तर प्रश्न बदला, वही तीच चालेल.

साहित्य: एक दोनशेपानी वही, इंटरनेट असलेला एक फोन (नातवाचा चालेल), वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली निदान चार माणसं, त्यांत दोन बाया. लागणारा वेळ: निवडणुकीच्या आधीचे सहा महिने. शेवटच्या पंधरवड्यात सुरुवात केली तर हाती फक्त पत्रकं लागतात.

आधी आपली बांधी कोणती ते बघा

हसू नका, मतदारसंघाबद्दलच बोलतोय. जिल्ह्यात तालुके आठ आणि विधानसभेच्या जागा चार: अर्जुनी-मोरगाव, तिरोडा, गोंदिया, आमगाव. गोरेगाव तालुका तर तिरोडा आणि अर्जुनी-मोरगाव या दोन्हींत वाटला गेलाय, त्यामुळे तिथले पाहुणे एकमेकांना चुकीच्या उमेदवाराबद्दल सल्ले देत असतात. अर्जुनी-मोरगाव अनुसूचित जातींसाठी राखीव, आमगाव अनुसूचित जमातींसाठी. लोकसभेला आमगाव गडचिरोली-चिमूरला जोडलेलं, बाकी तिघं भंडारा-गोंदियात. म्हणजे देवरी-सालेकसाच्या माणसाचा खासदार वेगळा आणि गोंदियाच्या माणसाचा वेगळा. कोणाला काय विचारायचं हे इथूनच ठरतं.

यादीत आपलं नाव आहे का, हेही आत्ताच बघा. नाव नसेल तर नमुना ६, पत्ता किंवा नाव दुरुस्त करायचं असेल तर नमुना ८. बीएलओ बहुतेक गावातलीच अंगणवाडीताई किंवा शिक्षक असतो. १९५० या नंबरावरही चौकशी होते. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं माहेरीच राहिलेली असतात, ती खास बघा. उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या सुमारे दहा दिवस आधी हे दार बंद होतं, आणि मग मतदानाच्या दिवशी माझ्यासारख्या मास्तराशी भांडून उपयोग नसतो.

पुरोगामी म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत लिहा

वहीचं पहिलं पान. पुस्तकी व्याख्या नको. आमच्या बैठकीत एका बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी सांगितलेली व्याख्या मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे: “ज्याच्या बाजूनं उभं राह्यलं त मतं कमी होतात, त्याच्या बाजूनं जो उभा राह्यते, तो.” याच्यापुढे आम्ही फारसं गेलो नाही. शेतकऱ्याच्या बाजूने सगळेच बोलतात, त्यात मतं आहेत. धानाला हमीभाव मिळावा, वर बोनस मिळावा, यावर जिल्ह्यात कोणाचंच दुमत नाही. म्हणून तो प्रश्न चाळणीत टाकू नका, त्यातून सगळेच खाली पडतात. चाळणीला बारीक भोकाचे प्रश्न लागतात. आमचे हे होते.

गावाने किंवा जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकलं, तर हा माणूस त्या घरी चहा प्यायला गेलाय का? सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ला झाला आणि २०१७च्या जुलैपासून लागू आहे. पण तो वापरायचा म्हणजे आपल्याच जातीतल्या चार बड्यांचा राग ओढवून घ्यायचा.

आंतरजातीय लग्न केलेलं जोडपं पोलीस ठाण्यात बसलेलं असताना याचा फोन कोणासाठी गेला? पोरीच्या बापासाठी की पोरीसाठी? सरकार अशा जोडप्याला पन्नास हजार देतं, त्याच्या वाटपाच्या कार्यक्रमात फोटोला कोण होतं हा प्रश्न नाही.

ढिवरांच्या मत्स्य संस्थेचा तलाव आणि वरच्या धुऱ्यावरचा मोठा शेतकरी यांच्यात पाण्यावरून वाद झाला, तेव्हा हा कुठे बसला होता? आपल्याकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव पूर्वजांनी खोदले, पण तळ्यातलं पाणी, गाळ आणि मासोळी कोणाची, हे अजून दरवर्षी नव्याने भांडून ठरतं.

राईस मिलमधला हमाल. माथाडी कायदा १९६९चा आहे. उमेदवाराच्या स्वतःच्या किंवा त्याच्या पाहुण्यांच्या मिलमध्ये पोती उचलणाऱ्याची नोंद आहे का?

आणि आमगाव मतदारसंघासाठी एक खास: पेसा आणि वनहक्क यांतला फरक त्याला सांगता येतो का? गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे देवरी-सालेकसात आदिवासी वस्ती दाट असूनही पेसा लागू नाही. २००६चा वनहक्क कायदा मात्र लागू आहे, आणि सामूहिक दावा मंजूर झालेली ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू शकते. “मी पेसाची अंमलबजावणी करून दाखवीन” असं देवरीत छाती ठोकून सांगणारा उमेदवार आला, तर त्याने भाषण गडचिरोलीहून उचललंय असं समजा. “जिल्ह्यातला आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात यावा म्हणून मी प्रयत्न करीन, तोवर सामूहिक वनहक्काचे दावे मार्गी लावीन,” असं म्हणणाऱ्याने निदान अभ्यास केला आहे.

प्रतिज्ञापत्र वाचणं: इथे घाई करू नका

सगळ्या कामात हेच मुख्य. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २००२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून हा हक्क मतदाराला मिळाला, आणि २०१३च्या निकालानंतर एकही रकाना कोरा ठेवता येत नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावर ते लागतं, आयोगाच्या संकेतस्थळावर आणि केवायसी नावाच्या ॲपवरही मिळतं. ‘मायनेता’वर जुन्या निवडणुकांचीही सापडतात. कागद बराच असतो, कंटाळा येतो. म्हणून आम्ही तो वाटून घेतो.

गुन्ह्यांचा रकाना ज्याच्याकडे येतो त्याने नुसता आकडा मोजायचा नाही. हीच मोठी चूक होते. एकावर नऊ गुन्हे, दुसऱ्यावर शून्य, म्हणजे दुसरा सज्जन, असा हिशेब केला तर आयुष्यभर रस्त्यावर बसलेला कार्यकर्ता गुंड ठरतो आणि ज्याने कधी कोणासाठी बोटही उचललं नाही तो संत. कलमं वाचा. बेकायदा जमाव, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं १४३, आता न्यायसंहितेचं १८९(२). आदेश मोडला, जुनं १८८, आता २२३. ही बहुतेक आंदोलनाची कलमं. जुनं ३५३, आता १३२, म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला. हे मोर्च्यातही लागतं आणि वाळूच्या ट्रॅक्टरवरून तलाठ्याला मारल्यावरही लागतं, तेव्हा त्या दिवशी काय झालं ते गावात विचारा. फसवणूक, जुनं ४२०, आता ३१८(४). बाईचा विनयभंग, जुनं ३५४, आता ७४. या दोन्हींना माझ्या वहीत ‘पण’ नाही. गुन्हा नुसता दाखल झालाय, न्यायालयाने आरोप निश्चित केलेत की शिक्षा झालीय, हे तीन टप्पेही वेगळे लिहा. आरोप म्हणजे दोष नव्हे, हे पुरोगाम्याने तरी विसरू नये.

गुन्हे असलेल्या उमेदवाराने ते वर्तमानपत्रात तीनदा छापायचे असतात. छापतातही. आतल्या पानावर, बारीक अक्षरात, वधू-वर सूचकाच्या शेजारी. शोधा.

मालमत्तेचा रकाना एकट्याने वाचून कळत नाही. त्याच माणसाचं मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवायचं. जमीन कधी घेतली, तेव्हा किती पैसे दिले, आज बाजारभाव काय, असे वेगळे रकाने असतात. गट नंबर असतात. आमच्यातला एक जण तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेला, तो गट नंबर बघून नुसता “हं” म्हणतो. त्या “हं”ची किंमत आम्हाला कळते. पाच वर्षांत शेती दुप्पट झाली म्हणून लगेच चोर म्हणू नका. वारसाने आली असेल, तेही तिथे लिहिलेलं असतं. पण पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणातलं उत्पन्न आणि वाढलेली जमीन यांचा मेळ बसतो का, एवढी बेरीज-वजाबाकी चौथीतलं पोरही करून देईल.

आणखी एक रकाना आपल्या जिल्ह्यात सोन्यासारखा आहे: सरकारशी केलेले कंत्राटी करार. शासनाने खरेदी केलेल्या धानाची भरडाई खासगी मिलना दिली जाते. मिलवाल्याने निवडणूक लढवू नये असं नाही. पण ज्याचा धंदा सरकारच्या भरडाईवर चालतो, तो सभागृहात भरडाईच्या दरावर कोणाच्या बाजूने बोलेल, हा प्रश्न त्याला आधीच विचारून ठेवा.

सभागृहातलं दप्तर

आधी आमदार राहिलेल्यासाठीच ही पायरी. आपल्याकडे आमदार मोजतात तो सभामंडप, सिमेंट रस्ता आणि हायमास्ट दिव्यांवर. आमदार निधी वर्षाला पाच कोटींचा आहे, त्यातून हे होतं, आणि व्हावं. पण तो कारकुनी भाग झाला. विधानसभेत जाऊन कायदा करणं, अर्थसंकल्पाला कात्री लावायला सांगणं, तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी लावून मंत्र्याला उभं करणं, हे त्याचं खरं काम. प्रश्नांच्या याद्या आणि कामकाज विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतं. आपल्या आमदाराचं नाव शोधा. किती प्रश्न विचारले हे बघू नका, कारण एका प्रश्नाखाली वीस-वीस आमदारांच्या सह्या असतात. जादूटोणाविरोधी कायदा, वसतिगृहं, वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा, वनहक्क यांवर त्याने एकदा तरी तोंड उघडलं का, ते बघा. पहिल्यांदाच उभा असेल तर जिल्हा परिषदेतला किंवा ग्रामसभेतला त्याचा इतिहास विचारा.

मंडईत एक प्रश्न

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू होतात आणि रात्री नाटकं. २०२४ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे ऐन मंडईत. उद्घाटनाला उमेदवार येतोच, नाटक मंडळाला पावती फाडतो, दोन मिनिटं बोलतो. भाषण ऐकायचं नाही. उतरताना गाठायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. सगळ्या उमेदवारांना तोच.

आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी विचारला होता: “साहेब, एखाद्या म्हातारीले जादूटोणा करते म्हणून मारलं, त तुमी ठाण्यात याल का जी?”

एक म्हणाला, आता असं कुठं होतं. दुसऱ्याने देवाधर्मावर श्रद्धा किती महत्त्वाची ते सांगायला सुरुवात केली. बाईंनी श्रद्धेबद्दल विचारलंच नव्हतं. तिसऱ्याने मोबाइल काढला, ठाणेदार आपल्या ओळखीचा आहे म्हणाला. चौथा पोरगेला होता, अपक्ष, चप्पल तुटकी. तो म्हणाला, “आधी दवाखान्यात नेईन. मग तक्रार. २०१३च्या कायद्याचं कलम लावलं का ते बघीन, ठाणेदार नाही लावत लवकर.” चौघांची उत्तरं बाईंनी जशीच्या तशी वहीत उतरवली. तो जादूटोणाविरोधी कायदा नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर चार दिवसांत वटहुकूम म्हणून आला आणि त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मंजूर झाला. त्याच्या आधी कैक वर्षं तो सभागृहात धूळ खात होता.

मंचावर कोण बसलंय तेही मोजा. बाया किती, आणि त्यांतल्या किती सरपंच म्हणून आल्यात नि किती सरपंचाला घेऊन आलेल्या नवऱ्यांच्या मागे बसल्यात. स्थानिक संस्थांत बायांना निम्म्या जागा २०११पासून आहेत, तरी माइक कोणाच्या हातात जातो ते बघण्यासारखं असतं.

उड्यांचं पान

हे पान आपल्या जिल्ह्यात भरभर भरतं. गोंदियात २०१९ला विनोद अग्रवाल अपक्ष म्हणून निवडून आले आणि भाजपचे गोपालदास अग्रवाल हरले, जे त्याआधी काँग्रेसचे आमदार होते. २०२४ला पुन्हा तेच दोघे समोरासमोर, पण आता विनोद अग्रवाल भाजपकडून आणि गोपालदास अग्रवाल काँग्रेसकडून. अर्जुनी-मोरगावचे राजकुमार बडोले भाजपचे मंत्री होते, २०२४ला राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाकडून जिंकले. यात कोणाला नावं ठेवायची नाहीत, पक्ष बदलणं गुन्हा नव्हे. पण मग चिन्ह पाहून विचार ओळखायची सोय राहत नाही. तेव्हा पक्ष बदलल्यावर त्याच्या भाषणातला कोणता शब्द गळाला, एवढंच टिपायचं. शब्द तोच राहिला असेल तर माणूस टिकाऊ.

मग जिंकणारा की पटणारा?

वही भरली की हे भांडण होतंच. २०१९ला अर्जुनी-मोरगावात निकाल ७१८ मतांनी लागला. एका मतदान केंद्राच्या यादीत याहून जास्त नावं असतात. तिथे पटणाऱ्या तिसऱ्याला मत देणं म्हणजे नको असलेल्या पहिल्याला देणं, असा युक्तिवाद प्रत्येक पारावर होतो आणि तो खोटा नाही.

याच मातीतली एक जुनी गोष्ट मात्र मला नेहमी आठवते. १९५४ला भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक झाली, तेव्हा आपण भंडारा जिल्ह्यातच होतो आणि जिल्हा मध्यप्रदेशात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर उभे होते. मतदारसंघात दोन जागा, प्रत्येकाला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता त्यांच्या साथीला. कार्यकर्त्यांनी सुचवलं, दुसरं मत कोणाला देऊच नका, कुजवा, म्हणजे बाबासाहेब नक्की निघतील. बाबासाहेबांनी ते साफ नाकारलं, असं जुनी माणसं सांगतात. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले.

या गोष्टीवरून आमच्या बैठकीत दोन तट पडतात. मी ठरवलेली रीत अशी: वहीत ज्या उमेदवाराला ‘पण’ नसलेली फुली आहे, म्हणजे बाईवरचा अत्याचार, फसवणूक, वाळीत टाकणाऱ्यांची पाठराखण, त्याला कोणत्याही हिशेबाने मत नाही. उरलेल्यांत जिंकू शकणारा बघायचा. सगळेच फुलीवाले असतील तर ‘नोटा’ २०१३पासून आहे. पण नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी विधानसभेत त्याखालचा उमेदवारच निवडून येतो, हे माहीत असू द्या. तलाठीबुवा ही रीत मानत नाहीत. ते म्हणतात, पटणाऱ्यालाच द्यायचं, हरला तर हरला, पुढच्या वेळेला त्याचा आकडा दिसतो.

शेवटचे दोन दिवस

प्रचार थांबतो आणि लक्ष्मीदर्शन सुरू होतं. घेणं आणि देणं दोन्ही गुन्हाच. सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाकता येतो. उमेदवाराची खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, हे डोक्यात ठेवून गावातल्या जेवणावळी मोजल्या तरी करमणूक होते. या ४८ तासांत वही बंद ठेवा. या काळात कानावर आलेली एकही गोष्ट वहीत उतरवायची नाही, हा आमचा नियम.

मतदानाला जाताना वेळ बघून जा. नक्षलग्रस्त भाग म्हणून २०२४ला आमगाव आणि अर्जुनी-मोरगावात मतदान दुपारी तीनलाच संपवलं होतं. धानाच्या चुरण्यावरून संध्याकाळी येऊ म्हणालात की गेलं मत. बटण दाबल्यावर शेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. चिन्ह आणि नाव वाचा, मगच हला. २०१८च्या मे महिन्यातल्या पोटनिवडणुकीत ही यंत्रं बिघडली आणि भंडारा-गोंदियात ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं, तेव्हा काही वेगळं दिसलं तर तिथेच केंद्राध्यक्षाला सांगा, बाहेर येऊन पानटपरीवर नको.

निकालानंतर वही फेकू नका. २०२४ला निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि १६ डिसेंबरला नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं. महिनासुद्धा जात नाही. आम्ही वहीचं ४१ नंबरचं पान कोरं ठेवतो. निवडून आलेल्याने सभागृहात पहिला प्रश्न कोणत्या तारखेला, कशावर विचारला, ते तिथे लिहायचं. मागच्या वहीत ते पान अर्धंच भरलं आहे.